चिनी पोथ्यांची कोरी बाजू

सरदारांच्या पोथीखान्याच्या शास्त्रीबुवांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. गेली चार वर्षं पुण्यात याच्या नेमकं उलट बोललं जातं, म्हणून आधी हे लिहून टाकतो.

माझं कसब्यात, कागदीपुऱ्याच्या तोंडाशी कागदाचं दुकान आहे. ते बापानं ठेवलेलं नाही. पाठीवर पोतं टाकून मी पेठापेठांतून फाटकी गोणपाटं, कुजके दोर आणि चिंध्या गोळा केल्या आणि कागदीपुऱ्यातल्या मुसलमान कारागिरांच्या हौदात ओतल्या. त्यांचा लगदा होतो, लगद्याचा ताव होतो. वीस वर्षं चिंध्या वाहिल्यावर तेच ताव घोटून विकायला बसलो. अक्षर तिशीत शिकलो. मोडी बरी वाचतो, बाळबोध अडखळत वाचतो. एवढ्या खटपटीनं उभ्या केलेल्या कागदाला कुणी नाव ठेवलं की मला राग येतो. राग मला एरवीही येतो, पण त्या वेळी त्याला कारण असतं.

आमच्या सरदारांना पोथ्यांचा नाद. लढाईवरून माणसं लूट म्हणून भांडीकुंडी आणतात, हे पोथ्या आणवतात. संस्कृत तर होतंच. त्याशिवाय फारसी, कानडी, तेलंगी आणि ताडपत्रावर कोरलेली एक तमिळ जुडीही होती. ती कुणाला वाचता येत नसे, पण दर दसऱ्याला तिची पूजा व्हायची. एकदा दुसऱ्या एका सरदाराकडे चिनी चित्रांचा पडदा आला आणि अर्धं पुणं तो बघायला लोटलं. आमच्या सरदारांना जेवण गोड लागेना. म्हणाले, “पडदा काय, कुणीही टांगेल. आपल्याकडे त्यांची विद्या पाहिजे.”

म्हणून शास्त्रीबुवांनी मला बोलावलं. बुवा म्हणजे पोथीखान्याचे मालक असल्यासारखे वागणारे नोकर. फडताळांच्या किल्ल्या जानव्याला बांधलेल्या. मला ओट्यावर उभं ठेवून आतून विचारलं,

“काय रे कागदवाल्या, तू मुंबई बंदरावर जातोस ना?”

“जातो. जहाजांचे जुने दोर आणायला. त्यांचा कागद चिवट होतो.”

“चीन मुलखातली पोथी मिळेल का तिथं?”

“मिळेल.”

मिळेल की नाही याची मला काडीची कल्पना नव्हती. पण “नाही” म्हणून मी आजवर काही मिळवलेलं नाही.

मोबदल्यात मी दोन गोष्टी मागितल्या. एक, पोथीखान्याला लागणारा कागद माझ्याच दुकानातून जावा. बुवा लगेच हो म्हणाले, कारण माझ्याइतका घोटीव ताव कसब्यात दुसऱ्याकडे नाही. दुसरी अट ऐकून त्यांनी तपकिरीची डबी मिटली. पोथीखान्याची एक मोठी यादी आहे. कोणती पोथी, कोणत्या लिपीत, पानं किती, हे तिच्यात लिहितात. चिनी पोथ्यांपुढे मी आणल्याचं तिच्यात लिहावं, असं माझं म्हणणं होतं.

“यादीत ग्रंथाचं नाव असतं. वाण्याचं नसतं.”

“मग ग्रंथ वाण्याशिवाय आणा.”

“तू फार बोलतोस.”

“आपण फार ऐकून घेता, म्हणून.”

सकाळी सुरू झालेली ही घासाघीस दुपारच्या पानापर्यंत चालली. बुवांना भूक लागली होती आणि मी न्याहारी करून आलो होतो. शेवटी ठरलं. नोंदीच्या शेवटी एक ओळ, “आणणारा: कसब्यातला कागदवाला.” सही-शिक्का नाही, पण ओळ. हौदात हात घालून मोठा झालेला माणूस त्या यादीत कायमचा बसणार होता. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, यादीत बसून जेवायला वाढतात का?” तिला कधीच काही कळलं नाही, किंवा सगळं आधीच कळतं.

बंदरावर जहाजांची दुरुस्ती होते, तिथं एक म्हातारा चिनी सुतार होता. त्याच्याकडून मी जुने दोर घेत असे. त्याच्या पेटीत निळ्या कापडाच्या वेष्टनात सात पुस्तकं होती. वेष्टनाला हाडाच्या लहान खुंट्या होत्या, त्या फाशात अडकवल्या की ते बंद व्हायचं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यानं स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवून हात हलवला, मग दोन्ही तळवे पुढे करून छातीवर थापले. डोळे गेले, हातांना सगळं पाठ आहे, असा अर्थ मी घेतला. सौद्याला भाषा लागत नाही. त्यानं माझी घोंगडी ओढली, मी सोडली नाही. मी तांब्याची हंडी पुढे केली, त्यानं ती वाजवून बाजूला ठेवली आणि परत घोंगडी ओढली. शेवटी घोंगडी, हंडी आणि माझ्या पायातले नवे जोडे त्याच्याकडे राहिले. मी बोरघाट अनवाणी चढलो. हे मी बुवांना कधी सांगितलं नाही.

पण पुस्तकं देण्याआधी म्हाताऱ्यानं मला ती दाखवली, आणि इथंच सगळी मेख आहे. ते पुस्तक आपल्याला शेवट वाटतो तिथून सुरू होतं. अक्षरं वरून खाली उतरतात. पान एका बाजूनं छापलेलं असतं आणि मधोमध दुमडलेलं असतं. घडी बाहेरच्या बाजूला राहते, मोकळ्या कडा पाठीशी दोऱ्यानं शिवलेल्या असतात. घडीच्या बरोबर धारेवर पानाचा आकडा असतो, अर्धा पुढच्या अंगाला, अर्धा मागच्या. एक रेघ म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. दहा म्हणजे आडवीवर उभी रेघ. घडीच्या आत काय आहे ते बघायला मी नख घातलं, तशी म्हाताऱ्यानं माझ्या बोटांवर पटाशीचा दांडा मारला. बोटं दोन दिवस ठणकत होती, म्हणून मला पक्कं आठवतं.

पुण्यात पोहोचलो तेव्हा सरदार स्वतः पोथीखान्यात आले. बुवांनी खुंट्यांकडे बघून हात मागे घेतला.

“हे हाड आहे काय?”

“हस्तिदंत,” मी म्हणालो. हत्तीचा नसला तरी कुणाचा तरी तो असणारच.

पुस्तकं उघडली. आत चित्रं होती, चार पायांची, चौकोनी, वर पाटी बसवलेली. सुताराचं पुस्तक, त्यात दुसरं काय असणार? मी म्हणालो, “बैठका दिसतात, शास्त्रीबुवा. तिवई, चौरंग.”

बुवांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. “यज्ञकुंडं आहेत ही. वेदी. इकडे चार बाजू, तिकडे आठ बाजू. स्पष्ट आहे.”

“याच्यावर माणूस बसलेला काढलाय.”

“यजमान असेल.”

“यजमान कुंडात बसतो?”

“चीनमध्ये बसत असेल! तू कागद विक.”

सरदार खूश होते, म्हणून मी गप्प बसलो. यादीत नोंद झाली, “चिनी लिपी. सात पोथ्या. यज्ञकुंडांची लक्षणे.” आणि शेवटी माझी ओळ. बुवांच्या कारकुनानं ती लिहिली तेव्हा मी ओट्यावरून मान लांब करून अक्षर न् अक्षर वाचली. निघताना तीनदा सांगितलं, “घडी फाडू नका. पान तसंच असतं.” बुवा आज म्हणतात, मी काहीच सांगितलं नाही. तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर ओट्यावरून खाली उतरून, परत वर चढून सांगितलं.

पुढचे दोन महिने माझे फार चांगले गेले. पडद्यावाल्या सरदाराकडची गर्दी हटली आणि आमच्याकडे वळली. सरदारांची भूक वाढली. चिनी काही दिसलं की आणा, असा हुकूम सुटला. मी बंदरावरून चहाच्या पेटीची फळी आणली, एक लेखी पंखा आणला, कुणा खलाशाचं पंचांगासारखं चोपडं आणलं. बुवा कुरकुरले, “पंखा हा ग्रंथ नव्हे.” सरदार म्हणाले, “लिहिलंय ना त्यावर? मग ठेवा.” एक अख्खं फडताळ चिनी झालं. दख्खनेत दुसऱ्या कुणाकडे तसं होतं म्हणून मी ऐकलेलं नाही. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, कसब्यातला कागदवाला.

मग श्रावण जवळ आला. श्रावणात श्रीमंत पेशव्यांच्या दक्षिणेसाठी काशीपासून रामेश्वरापर्यंतचे ब्राह्मण पुण्यात येतात. त्यातले विद्वान आमच्या सरदारांचा पोथीखाना बघायला यायचे होते. बुवांनी फडताळं आवरायला काढली. आपल्या पोथीला शिवण नसते. सुटी आडवी पानं, वर-खाली फळी, आणि बासनात गुंडाळलेली. चिनी पोथ्या दोऱ्यानं शिवलेल्या. विद्वानांसमोर शिवलेली पोथी ठेवायची म्हणजे वाण्याची वही ठेवल्यासारखं, असं बुवांच्या मनानं घेतलं. कारकुनाला सुरी दिली. दोरे कापले. दोरे निघाल्यावर पानं हातात आली ती घडीची, पिशवीसारखी. मग घड्याही कापल्या.

दुपारी मला बोलावणं आलं. बुवांच्या पुढ्यात पानांचा ढीग होता.

“काय रे, ही काय लबाडी?”

“कसली?”

बुवांनी एक पान उलटं केलं. कोरं. दुसरं उलटं केलं. कोरं. “सगळी पानं एका बाजूनं कोरी. आणि कोरी बाजू आत दडवून घडी घातलेली! आम्हाला काय, वर वर बघणारे समजलास?”

ढिगाकडे बघून माझ्या तोंडातून नको ते शब्द निघाले. त्यातले बरेच मी इथं लिहिणार नाही. बुवांनी कान झाकले, पण बोटं सैल ठेवून. मी म्हणालो, पानं चीनमध्ये अशीच करतात. ते म्हणाले, चीनला जाऊन आलास काय? मी म्हणालो, घडीवर आकडा होता, तो तुम्ही उभा चिरलात. ते म्हणाले, कुठे आहे आकडा, आम्हाला नुसती कडेला चार-दोन फाटकी टोकं दिसतात.

“शास्त्रीबुवा, ती टोकं म्हणजेच आकडा!”

“मग अर्धा आकडा लिहिणारा आणखी लबाड.”

ओट्यावरून हाकलताना त्यांनी माझ्या अंगावर एक पान भिरकावलं. “घे. तुझं कोरं तुला.”

दुसऱ्या दिवशी यादीत जुन्या नोंदीखाली नवी ओळ आली. “तपासणीत अर्धी पृष्ठे कोरी आढळली. घड्या घालून लपविलेली होती. आणणारा: कसब्यातला कागदवाला.” न्याहारी करून जाऊन जी ओळ मी भुकेल्या बुवांकडून मिळवली होती, तीच आता माझ्या चोरीखाली सहीसारखी बसली. ती ओळ नसती तर चोर कोण हे कुणाला कळलंही नसतं.

श्रावणात विद्वान आले, यादी चाळली आणि हसले. त्यांच्यामागून त्यांचे शिष्य, मग मुदपाकखाना, मग पेठ. पोथीखान्याचा कागद माझ्याकडून बंद झाला. दुकानात गिऱ्हाईक ताव उचलायचं, उलटायचं, उन्हात धरायचं. ताव कोराच असतो! दोन्ही बाजूंनी कोरा असावा म्हणूनच विकत घेतात! पण लोक उलटून बघायचे आणि “बरं, बरं” म्हणत मान हलवायचे. एकानं विचारलं, “आत काही नाही ना?” त्याला मी दुकानातून हाकललं. बायको म्हणाली, “अहो, असं एकेक हाकलत राहिलात तर शेवटी दुकानात कोरे तावच उरतील. मग कोण म्हणेल लबाडी केली?”

शेवटी ते भिरकावलेलं पान घेऊन मी चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे कागदीपुऱ्यातले सगळ्यांत जुने कारागीर. पोरवयात माझं पोतं पहिल्यांदा त्यांच्याच हौदात रिकामं झालं. पाण्यात हात घालून घालून त्यांच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली. त्यांनी पान बोटांत चोळलं, कानाजवळ नेऊन हलवलं, एक कोपरा जिभेला लावला.

“भाऊ, हा ताग नाही, चिंधी नाही. गवतासारखं काहीतरी. बांबू असंल.”

“ते राहू द्या चाचा. कोरं का सोडलं?”

“अरे, बघ ना.” त्यांनी ते सूर्यापुढे धरलं. एका बाजूची अक्षरं दुसरीकडून आरपार दिसत होती. “कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. दोन्हीकडून छापला तर दोन्हीकडचं एकमेकांत मिसळंल. कोण वाचणार? म्हणून एकीकडे छापायचं आणि दुमडायचं. आतली बाजू म्हणजे अस्तर. अंगरख्याचं अस्तर साधं निघालं म्हणून शिंप्याला कुणी चोर म्हणतंय का?”

मी त्यांना तसाच उठवून सरदारांकडे नेलं. चाचांनी पगडी बदलायला वेळ मागितला, तोही दिला नाही.

सरदार पोथीखान्यात बसले होते, बुवा शेजारी, काशीचे दोन पाहुणे समोर. चाचांनी अंगणातूनच अस्तराची गोष्ट सांगितली. काशीच्या पाहुण्यांनी आपापल्या अंगरख्याच्या कडा उलटून बघितल्या. बुवा म्हणाले, “तर्क बरा आहे. प्रमाण काय?”

“पानं आणा,” मी म्हणालो. “प्रमाण मी लावून दाखवतो.”

कारकुनानं बासन ओट्यावर आणलं. बुवांनी पानं आडवी करून फळ्यांमध्ये घातली होती, त्यामुळे चित्रातल्या सगळ्या तिवया कुशीवर झोपलेल्या. मी एक पान घेतलं, ते उभं केलं, त्याच्या कडेच्या अर्ध्या रेघा बघितल्या आणि त्यांचा जोडीदार शोधू लागलो. आठ-दहा पानांनंतर सापडला. दोन कडा एकमेकांना लावल्या. अर्ध्या रेघा जुळून तीन पूर्ण रेघा झाल्या आणि घडीवरची बाकीची अक्षरंही सांधली गेली. मग दहाचा आकडा लावला. सरदार पुढे सरकून बसले आणि स्वतः एक जोडी शोधू लागले. काशीचे पाहुणेही लागले. थोडा वेळ पोथीखान्यात सोंगट्यांच्या पटाभोवती असते तशी गडबड होती. “हे इकडे द्या.” “अहो, ते माझं आहे, माझ्याकडे दोन आहे.”

तेवढ्यात सरदारांनी एक पान उलटलं आणि थांबले.

“शास्त्रीबुवा, हे काय?”

कोरी बाजू कोरी नव्हती. तिच्यावर ताज्या काळ्या शाईनं, आडव्या ओळींत सोमवारच्या व्रताची कथा लिहिलेली होती. मी दुसरं पान उलटलं. कथा पुढे चालू. तिसरं. राजाची धाकटी सून उपाशी राहिली होती.

बुवा खाकरले. “नकला करायच्या होत्या. कोरी जागा वाया का घालवा?”

“साधा कागद नव्हता?”

“कागद याच्याकडूनच येत असे. तो बंद केला होता.”

“का बंद केला होता?”

“यानं कोरी पानं दिली म्हणून.”

सरदार इतके हसले की चाचांनी अंगणातून विचारलं, “काय झालं?” मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

चाचा म्हणाले, खळ लावून घड्या परत सांधून देतो, एका पावसाळ्याचं काम. पण घडी परत घातली की व्रतकथा आत कोंडली जाणार. बुवा उभे राहिले. देवाची कथा चिनी कुंडांच्या पोटात कोंडू देणार नाही, म्हणाले. मी म्हणालो, तिवयांच्या. शिवाय चिनी आकड्यांप्रमाणे पानं लावली की सून उपाशी राहण्याआधीच जेवते, आणि कथेप्रमाणे लावली की चिनी दहानंतर तीन येतात. सरदारांनी दोन्ही बाजू ऐकल्या, दोन्हींना मान हलवली आणि जेवायला उठले.

मी त्यांच्यासमोर एकच मागणं ठेवलं. सांधू नका, राहू द्या. पण यादीतली ओळ खोडा.

“यादीत खाडाखोड होत नाही,” बुवा म्हणाले. “रीत आहे. फार तर समासात भर घालता येईल.”

आणि त्यांनी भर घातली. माझ्या लबाडीच्या ओळीशेजारी, समासात, बारीक अक्षरांत: “आणणाऱ्याचे म्हणणे वेगळे आहे.”

चार श्रावण झाले. दर श्रावणात नवे विद्वान येतात, ओळ वाचतात, समास वाचतात आणि आणखी हसतात. माझ्या नातवंडांची नातवंडं अक्षर शिकतील, कुणी त्यांना त्या यादीपुढे नेईल, आणि आपला पूर्वज घडीत कोरं लपवणारा होता, पण त्याचं म्हणणं वेगळं होतं, एवढंच त्यांना कळेल. समास अजून बराच मोकळा आहे, मी बघून आलोय. त्यात आणखी एक ओळ सहज मावेल. शास्त्रीबुवा, सुरी कुणी दिली, घड्या कुणी फाडवल्या, आणि कोऱ्या बाजूंवर व्रतकथा कुणाच्या हुकमानं लिहिली, ते तिथं आपल्या हातानं लिहा आणि खाली “फाडवणारा” म्हणून आपली ओळ घाला. लिहिणार नसाल तर सरदारांसमोर, माझ्या तोंडावर सांगा का नाही ते. या खेपेला मला ओट्यावर उभं करू नका. मी आत येऊन बसणार आहे.